पीएमच्या टेबलावर डेंग्यू शोधताना

पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे पीएमला (पोस्टमॉर्टेमला) येणाऱ्या बॉडीसोबतच्या कागदांत एक वाक्य दिसायला लागतं, 'मयतास ताप येत होता असे समजते'. हे वाक्य लिहिलेलं असलं तर नशीब म्हणायचं, कारण बहुतेक वेळा ते लिहिलेलंच नसतं आणि आम्हालाच खोदून खोदून विचारावं लागतं. मी पुण्यात फॉरेन्सिक मेडिसिनमध्ये एमडी करतेय. लोकांना वाटतं आमच्याकडे नुसते खून, ॲक्सिडेंट आणि विषाच्या केसेस, पण 'राहत्या घरी अचानक मयत' ह्यात इन्फेक्शनने गेलेली माणसंही असतात, आणि जुलै ते नोव्हेंबरात त्यात डेंग्यू आला. माणूस गेल्यावर डेंग्यू सापडतो का, कसा शोधता, प्लेटलेट मोजता का, असं ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून एक केस पहिल्यापासून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगा पंचविशीच्या आतला, लातूरकडचा, पेठेतल्या एका जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर राहून एमपीएससीची तयारी करणारा. सकाळी उठवायला गेले तर उठलाच नाही, गादीवर उलटी, उलटीत रक्त. रिक्षात घालून हॉस्पिटलला नेला, तिथे दाखल करण्यापूर्वीच मयत सांगितलं. आता पेठेत राहणारा स्पर्धा परीक्षेचा मुलगा, मागच्या प्रिलिमला राहिलेला, खोलीत मेलेला सापडला आणि कोपऱ्यात उंदराच्या औषधाची अर्धी पिळलेली ट्यूब, म्हटल्यावर सगळ्यांच्या डोक्यात एकच आलं. हवालदार साहेब अनुभवी होते, अकस्मात मृत्यूची नोंद (आधी सीआरपीसी ह्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं कलम १७४ लिहायचे, जुलै २०२४ पासून नव्या बीएनएसएसचं १९४), इन्क्वेस्ट पंचनामा, सगळं व्यवस्थित, आणि पंचनाम्यात ट्यूबचा उल्लेख होता, तापाचा नव्हता. मला म्हणाले, "मॅडम, औषध घेतलंय पोराने. व्हिसेरा ठेवून द्या म्हणजे झालं."

आता इथे एक गोष्ट समजून घ्या, बाकी सगळं तिच्यावर आहे. पीएमला एखादा तुकडा काढला की तो कुठल्या बाटलीत टाकला त्यावरून पुढे काय शोधता येईल ते ठरतं. विषासाठी जठर, आतड्याचा भाग, लिव्हर, किडनी हे, म्हणजेच व्हिसेरा, मिठाच्या संपृक्त पाण्यात जातं, ते गणेशखिंडच्या फॉरेन्सिक लॅबला. मायक्रोस्कोपखाली बघायचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये. आणि व्हायरस शोधायचा असेल तर तिसरीच सोय लागते, निर्जंतुक डबी, व्हायरल ट्रान्सपोर्ट मीडियम (व्हायरस टिकवणारं द्रावण), बर्फ. पहिल्या दोन बाटल्या कुणी काही न सांगता भरल्या जातात, हात आपोआप तिकडे वळतो. तिसरी भरायला मात्र पोट उघडायच्या आधी कुणाच्या तरी डोक्यात 'व्हायरस असू शकेल' हे यावं लागतं. बॉडी एकदा शिवून ताब्यात दिली, अंत्यसंस्कार झाले, की मग कितीही हुशारी सुचली तरी उपयोग नाही. म्हणजे मृत्यूनंतर डेंग्यू शोधायचं निम्मं काम मॉर्च्युरीच्या बाहेर, बाकड्यावर बसलेल्या लोकांशी बोलण्याचं आहे, आणि नेमकं तेच सगळ्यात घाईत उरकलं जातं.

तर मी बाहेर गेले. रूममेट तिघं बसले होते, एकाच्या हातात अजून क्लासची बॅग. घाबरलेले, कारण पोलिसांनी त्यांना ट्यूबबद्दल विचारून विचारून हैराण केलं होतं. ताप होता का विचारलं तर पहिला म्हणाला नव्हता. दुसरा म्हणाला, "होता ना मॅडम, पण उतरला होता. काल तर तापच नव्हता. नुसतं पोट दुखतंय म्हणत होता आणि उलट्या, म्हटलं मेसचं बाधलं असेल."

ताप उतरला आणि पोट दुखायला लागलं, उलट्या, गळून गेला, हात-पाय गार. डेंग्यूचं पुस्तक ज्याने एकदा वाचलंय त्याला हे ऐकून पुढचं सांगावं लागत नाही. डेंग्यूत धोका ताप चढलेला असताना कमी आणि उतरताना जास्त असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून छातीत-पोटात साठायला लागतं, रक्त घट्ट होतं, बीपी पडतं, आणि घरच्यांना वाटतं आता बरा होतोय.

मग ताप नक्की कधी सुरू झाला हे काढायचं. हे फार महत्त्वाचं, कारण कुठली टेस्ट लागू पडणार ते त्यावर असतं. एनएस१ नावाचं व्हायरसचं प्रोटीन पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात चांगलं मिळतं, आरटी-पीसीआरने व्हायरसचा आरएनए पण रक्तात साधारण तेव्हाच, आणि आयजीएम अँटिबॉडी पाचव्या दिवसाच्या आसपासपासून पुढे. "चार-पाच दिवसांपूर्वी" असं मोघम चालत नाही. तारीख कुणालाच आठवेना. शेवटी बॅगवाला म्हणाला रविवारची टेस्ट सिरीज त्याने बुडवली, कधी बुडवत नाही तो, शनिवारी रात्रीपासून पांघरूण घेऊन पडला होता. मयत गुरुवारी पहाटे. म्हणजे पाचवा-सहावा दिवस, नेमका अडनिडा, एनएस१ ओसरत आलेला आणि आयजीएम नुकतं उगवत असलेलं. खिशात आयबुप्रोफेनची स्ट्रिप सापडली, चार गोळ्या उरलेल्या. जवळच्या एका क्लिनिकमध्ये इंजेक्शन घेतलं होतं म्हणे, कागद काही नाही, ब्लड टेस्ट सांगितलीच नव्हती. ह्यावर माझं मत फार चांगलं नाहीये पण ते सोडा. तापात डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो, पॅरासिटामॉलवर भागवावं, एवढं तरी आता सगळ्यांना माहीत असायला हवं.

सरांना फोन केला. सर म्हणाले, आधी थंडाचे सॅम्पल, म्हणजे बर्फावर जाणारे, मग बाकी सगळं, आणि प्रत्येक अवयवाला नवीन ब्लेड.

बॉडी बाहेरून बघताना नडग्यांवर आणि दंडावर बारीक लाल ठिपके होते. पाठीवर पण होते, पण पाठीचे मी मोजत नाही, कारण माणूस उताणा पडून गेला की रक्त खाली उतरतं आणि त्या दाबाने बारीक केशवाहिन्या फुटून तसेच ठिपके उठतात, मेल्यानंतर सुद्धा. त्यामुळे ठिपक्यांवर जीव टाकायचा तर तो वरच्या बाजूच्या ठिपक्यांवर. दंडाचे ठिपके बोटाने दाबून बघितले, जात नव्हते.

रक्त मांडीच्या शिरेतून काढलं, छाती उघडायच्या आधी. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये (त्यात रक्त गोठत नाही) एक, साध्या ट्यूबमध्ये एक. हेपॅरिनची ट्यूब घ्यायची नाही, पीसीआरला ते आडवं येतं. आणि हो, प्लेटलेट. मेल्यानंतरच्या रक्तात प्लेटलेट मोजण्यात अर्थ नसतो, रक्त गोठतं, विरघळतं, पेशी फुटतात, जो आकडा येईल तो खोटा. जिवंतपणी कुणी सीबीसी केलेलं असेल तरच त्याचा उपयोग.

छाती उघडली आणि दोन्ही बाजूंना पाणी, गवती पिवळं, किंचित लालसर, मॉर्च्युरीतल्या मामांनी डावाने काढून मापाच्या जगमध्ये ओतलं तर एकट्या उजव्या बाजूचं अर्ध्या लिटरच्या वर. पोटात पण होतं. पित्ताशयाची भिंत सुजून जाड झालेली, बोटाने दाबली की गिळगिळीत. हृदयाच्या डाव्या कप्प्यात आतल्या अस्तराखाली लालभडक रेघा. ह्यातलं एकेक सुटं काही सिद्ध करत नाही, हृदयातल्या रेघा तर कुठल्याही मोठ्या शॉकमध्ये दिसतात. पण इतका तरुण मुलगा, हृदय ठीक, टीबी नाही, आणि तिन्ही पोकळ्यांत ताजं पाणी, बॉडी कुजायला लागलेली नसताना, हे विचार करायला लावणारं होतं. (कुजायला लागली की छातीत लालसर पाणी असंच जमतं, तेव्हा मी ह्याला फार किंमत देत नाही.)

लिव्हरचा साधारण सेंटिमीटरभर तुकडा, मग नवीन ब्लेड, स्प्लीनचा (प्लीहेचा), मग फुप्फुस, मग मेंदू. प्रत्येकाची वेगळी डबी, त्यात मीडियम, बाहेर लेबल पेन्सिलने, कारण बॉलपेनचं बर्फाच्या पाण्यात पुसतं. हे सगळं आतडी उघडण्याआधी, नाहीतर त्यातले बॅक्टेरिया सगळीकडे. लिव्हर आणि स्प्लीनवर भर का, तर रक्तातून व्हायरस नाहीसा व्हायला लागला तरी ह्या अवयवांत त्याचा आरएनए मागे सापडू शकतो.

मग जठर उघडलं. कॉफीसारखं काळपट रक्त, अस्तरावर ठिकठिकाणी रक्ताचे डाग. हवालदार दारातून डोकावले, "बघा, मी म्हटलं ना."

खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नव्हतं. उंदराच्या औषधांत फॉस्फरसची जी पेस्ट असते तिने उलट्या, पोटदुखी, मग एखाद-दोन दिवस बरं वाटणं, मग लिव्हर जाऊन रक्तस्राव, अगदी हेच चित्र होतं. रक्त पातळ करणारी उंदराची औषधं वेगळीच, त्यातही रक्तस्राव. आणि ह्याची लिव्हर मोठी, पिवळट होती. डेंग्यूत होते, फॉस्फरसमध्येही होते. पावसाळ्यातला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) पण ह्याच रांगेत उभा, मलेरिया पण. त्यामुळे व्हिसेरा मिठाच्या पाण्यात गेलाच, रक्त फ्लोराइडमध्ये गेलं, लेप्टोसाठी किडनीचा तुकडा आणि सीरम, मलेरियासाठी काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब (स्मिअर), आणि फॉर्मॅलिनचे तुकडे वेगळे. मृत्यूचं कारण सध्या राखून ठेवलं असं पीएमच्या कागदावर लिहिलं.

काका आले होते गावाहून, वडील बाहेर गाडीतच बसून राहिले. काकांनी एकच विचारलं, "मॅडम, त्याने काही खाल्लं नव्हतं ना?" मी म्हटलं आत्ता सांगता येणार नाही, पण ताप होता हे आम्ही लिहून घेतलंय आणि त्या बाजूने तपासतोय. मग हळूच विचारलं, बॉडी गावाला नेली तर कुणाला काही लागेल का, अंघोळ घालायची की नाही. डेंग्यू असला तरी तो डासाने पसरतो, बॉडीला हात लावून नाही, तुम्ही सगळे विधी करा म्हणून सांगितलं. कोविडनंतर हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि आमच्यातलेही काही उगाच बॉडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून देतात, त्याची गरज नाही.

सॅम्पल तीन आवरणांत, आत डबी, मधे शोषणारा कापूस आणि दुसरा बंद डबा, बाहेर बर्फाच्या पॅकसहित थर्माकोलची पेटी. चार अंशाच्या आसपास दोन-एक दिवस निभतं, त्यापुढे ठेवायचं तर उणे सत्तर-ऐंशीचा फ्रीजर हवा. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवणं सगळ्यात वाईट, गोठतं, वितळतं, परत गोठतं, आणि आरएनएचा चुरा होतो.

रक्त आमच्या मायक्रोबायोलॉजीला घेऊन गेले तर तिथल्या मॅडमनी आधी नाहीच म्हटलं. किट जिवंत पेशंटच्या सीरमसाठी तपासून पास केलेलं आहे, मेलेल्याच्या रक्तावर आलेला रिझल्ट मी सहीनिशी कसा देऊ? मला तेव्हा राग आला पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. सेंट्रिफ्यूज केल्यावर सीरम पिवळं यायच्या ऐवजी लालभडक आलं, लाल पेशी फुटून. रॅपिड कार्डवर टाकलं तर सगळी पट्टी गुलाबी झाली, रेघ आहे का नाही ह्यावर आम्ही तिघी खिडकीपाशी जाऊन भांडलो. शेवटी कार्डाऐवजी एलायझा ही मशीनवर वाचायची टेस्ट लावायची आणि रिपोर्टवर 'मृत्यूपश्चात, हिमोलाइझ्ड सॅम्पल' असं ठळक लिहायचं ठरलं. एनएस१ निगेटिव्ह. आयजीएम पॉझिटिव्ह पण काठावर. आयजीजी (आधीच्या इन्फेक्शनची अँटिबॉडी) मात्र जोरदार पॉझिटिव्ह.

फ्रीजमधला आयजीएमच्या किटचा डबा एनआयव्हीचा होता, हे किट पुण्यातच बनतं आणि इथून देशभरच्या सरकारी लॅबना जातं. एनआयव्ही म्हणजे १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झालेली संस्था, १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. पुण्यात राहायचा हा एक खरा फायदा, की पेटीतला बर्फ वितळायच्या आत टिश्यू तिथे पोचतो. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या मित्राला हेच सॅम्पल रात्रीच्या एसटीने पाठवायची वेळ येते. आमचे तुकडे एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) पत्रासोबत तिकडे गेले. फॉर्मवर पहिलाच महत्त्वाचा रकाना लक्षणं सुरू झाल्याची तारीख, आणि तिथे मी शनिवारची तारीख लिहिली, टेस्ट सिरीजच्या कृपेने.

मधल्या काळात काकांचा फोन आला, बोलता बोलता म्हणाले की पोराला आठवीत असताना पण डेंग्यू झाला होता, लातूरला ॲडमिट केलं होतं. आयजीजी एवढं जोरात का होतं ते तिथे कळलं. डेंग्यूचे चार प्रकार, एकदा एक झाला की त्याच प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, पण पुढे वेगळ्या प्रकाराचा झाला तर जुन्या अँटिबॉडी व्हायरसला पेशीत शिरायला उलट मदतच करू शकतात, म्हणून दुसरी खेप जास्त घातक निघू शकते. आणि दुसऱ्या खेपेला आयजीएम कमी उगवतं, एनएस१ अँटिबॉडीला चिकटून बसल्यामुळे टेस्टमधून निसटतं. म्हणजे नुसत्या रक्तावर थांबलो असतो तर 'एनएस१ निगेटिव्ह, आयजीएम काठावर' एवढंच हातात, आणि नुसत्या आयजीएमवर तर काहीच म्हणता येत नाही, ते दोन-तीन महिने रक्तात राहतं आणि झिकासारख्या भावंड-व्हायरसशी गल्लत पण करतं. पुण्यात २०२४ ला झिकाचे पेशंट सापडले होते त्यामुळे ही शंका नुसती पुस्तकी नाही.

टिश्यूचा निकाल आला. लिव्हर आणि स्प्लीन दोन्हींत आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह, डेंग्यू टाइप २. रक्त निगेटिव्ह. मेंदू निगेटिव्ह. फॉर्मॅलिनच्या तुकड्यांत लिव्हरच्या मधल्या पट्ट्यात पेशी मेलेल्या. लेप्टो, मलेरिया निगेटिव्ह. समजा सगळंच फॉर्मॅलिनमध्ये गेलं असतं तरी रस्ता पूर्ण बंद नसतो, मेणात बसवलेल्या तुकड्यातून (ब्लॉकमधून) इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे व्हायरसचं प्रोटीन रंगवून बघणं, करता येते, आरएनए पण काढून बघतात, पण फॉर्मॅलिन त्याचे इतके तुकडे करतं की निगेटिव्ह आलं तर त्याला काही किंमत राहत नाही.

तरी सरांनी लगेच ओपिनियन देऊ दिलं नाही. म्हणाले, व्हायरस सापडला म्हणजे व्हायरसने मेला असं नाही, डेंग्यू झालेला माणूस औषध पण घेऊ शकतो. गणेशखिंडचा रिपोर्ट येऊ दे. आणि तो यायला वेळ लागतो, लागतोच. दरम्यान सापडलेलं मात्र महापालिकेला लगेच कळवलं. वाड्यातल्या संडासापाशी एक जुना ड्रम, झाकण नसलेला, त्यात अळ्या मिळाल्या. डेंग्यूचा डास सहसा स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, ते पाणी पुणेकर तुटवड्याच्या भीतीने साठवतात, पालिका नोटिसा देते, दरवर्षी तेच. दुसऱ्या रूममेटला ताप आला तेव्हा ह्यावेळी ते लगेच तपासायला गेले, त्याचं एनएस१ पॉझिटिव्ह आलं, सलाइनवर राहिला आणि घरी गेला. डेथ ऑडिटला (मृत्यू डेंग्यूनेच झाला का हे ठरवणाऱ्या सरकारी तपासणीला) मात्र ही केस अवघड जाते, कारण तिथे हॉस्पिटलचे केस पेपर बघतात आणि घरी गेलेल्या मुलाचे केस पेपर असणार कुठून, असतो तो फक्त आमचा पीएमचा कागद.

त्या केसनंतर आम्ही पावसाळ्यात डिपार्टमेंटच्या फ्रीजमध्ये मीडियमच्या डब्या तयार ठेवतो. त्यावरून वाद पण झालाय, कुणीतरी डबाच ठेवला होता जेवणाचा तिथे.

गणेशखिंडचा रिपोर्ट आला, विष आढळले नाही. मग ओपिनियन लिहिलं, सिव्हिअर डेंग्यू, शॉक. (डेंग्यू हेमोरेजिक फीवर असं मी आधी लिहिलं होतं, सरांनी २००९ च्या डब्ल्यूएचओच्या वर्गीकरणाप्रमाणे बदलायला लावलं.) कागद पोलीस स्टेशनला गेला. हवालदार साहेबांनी स्वतः काकांना फोन करून सांगितलं, ते मला नंतर कळलं.

काका कॉपी घ्यायला पुण्यात आले, चार ओळी वाचल्या आणि परत दिल्या, "हे इंग्रजीत आहे मॅडम. गावात दाखवायचंय." आमच्या ओपिनियनचं भाषांतर मी सही करून देऊ शकत नाही. म्हटलं पोलिसांचा अकस्मात मृत्यूचा अंतिम अहवाल मराठीत असतो, त्यात आजाराने मृत्यू, घातपात नाही, विष नाही, असं सगळं येतं, रीतसर अर्ज करून त्याची कॉपी मागा. अर्ज तिथेच माझ्या टेबलावर बसून लिहिला त्यांनी, मी फक्त अकस्मात मृत्यूचा नंबर सांगितला.